दिवसाच्या शेवटी उरतो तो दीड तास: घर आणि नोकरी नव्याने सांभाळणाऱ्यांसाठी

मार्चमधली एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. आठला दहा कमी असताना घरी पोचले, पर्स खुर्चीवर टाकली आणि ओट्यापाशी उभी राहिले. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते आणि त्यांची गोळ्यांची वेळ झाली होती. मुलाची परीक्षा सुरू होती. ऑफिसात मार्च एंड. आणि आधी कांदा चिरायचा की तांदूळ धुवायचे, एवढं साधं मला ठरवता येईना. सुरी हातात धरून मी दहा मिनिटं तशीच उभी होते. मुलगा स्वयंपाकघरात आला, "आई, काय झालं?" म्हणाला, आणि मग रडूच फुटलं.

आमच्या डोंबिवलीच्या गाडीत लेडीज डब्यात दरवर्षी नवे चेहरे येतात. कुणाचं नुकतं लग्न झालेलं, कुणाची पहिली नोकरी, कुणी बाळंतपणाची रजा संपवून परत आलेली. महिना-दीड महिन्यात त्यांच्यापैकी कुणीतरी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसताना दिसते. त्यांना मी गाडीत तुकड्यातुकड्यांनी जे सांगते, ते इथे एकदा क्रमाने लिहिते आहे. हे सगळं मी स्वतः करून पाहिलं आहे आणि अजूनही करते. पुरुषांनीही वाचावं. एकट्याने घर चालवणारे, आजारी आईवडिलांचं करणारे किती तरी पुरुष याच अवस्थेतून जातात.

आधी हात थांबवा

डोकं गच्च झालं की आपण हाताचा वेग वाढवतो. तेव्हाच दूध उतू जातं, तेव्हाच चुकीच्या माणसाला मेल जातो. म्हणून पहिली गोष्ट, गॅस बारीक किंवा बंद करा. ऑफिसात असाल तर खुर्चीवरून उठा. पाणी प्या, बसून, हळू.

मग श्वास. नाकाने श्वास घ्यायचा, भरला असं वाटलं की त्यावर आणखी थोडा घ्यायचा आणि तोंडाने लांब, सावकाश सोडायचा. सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वास घेतला, आणि त्यांच्या मनःस्थितीत ध्यान करणाऱ्यांपेक्षाही जास्त सुधारणा दिसली. मला पाच मिनिटं क्वचित मिळतात. सात-आठ श्वास घेतले तरी खांदे खाली येतात, आणि पुढचं एक काम ठरवायला तेवढं पुरतं.

ते काम सगळ्यात महत्त्वाचंच असलं पाहिजे असं नाही. त्या क्षणी हाताला येईल ते चालेल. त्या संध्याकाळी मी अखेर आईंना गोळ्या दिल्या, कारण डबी समोर होती. अडकलेली गाडी सुटली की पुढचं स्टेशन येतंच.

डोक्यातलं सगळं एका वहीत

आपल्याला वाटतं की कामं फार आहेत. ती असतातच, पण जीव जातो तो ती सगळी डोक्यात धरून ठेवण्यात. मिसौरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की माणूस एका वेळी साधारण चारच गोष्टी मनासमोर धरू शकतो. आता सकाळी सातच्या तुमच्या डोक्यात काय काय असतं ते पाहा: डबा, गोळ्या, मुलाचा चित्रकलेचा कागद, गाडी, गॅस संपत आलाय, सोसायटीचा मेंटेनन्स, साहेबांनी मागितलेलं स्टेटमेंट, मावशींचा न उचललेला फोन. चारच्या जागेत आठ कोंबल्यावर काहीतरी सांडणारच.

म्हणून वही. कुठलीही चालेल, पण एकच. मोबाइलवर लिहायला गेलं की आधी व्हॉट्सॲप उघडलं जातं, असा माझा अनुभव. म्हणून मी कागदावर आहे. तुम्हाला फोनवर जमत असेल तर तसं करा, फक्त दोन ठिकाणी लिहू नका. फ्रिजवर चिठ्ठी, पर्समध्ये चिठ्ठी, ऑफिसच्या डायरीत अर्धं, असं झालं की यादीच हरवते.

पहिल्यांदा लिहाल तेव्हा अर्धा तास लागेल. लहान-मोठं, घरचं-ऑफिसचं, आजचं-पुढच्या महिन्याचं, सगळं एकाखाली एक उतरवा. लावालाव अजिबात करू नका, ती नंतर. माझ्या पहिल्या यादीत ४३ कामं निघाली. आकडा बघून घाबरायला होईल असं वाटलं होतं, झालं उलटंच. त्याआधी ती मला अगणित वाटत होती.

लिहिताना एक पथ्य पाळा. "बँक" असं लिहू नका. "आईंच्या पासबुकाची एंट्री करून आणणे, शनिवारी सकाळी, कोपऱ्यावरची शाखा" असं लिहा. "डॉक्टर" नको, "टाके काढायची तारीख फोन करून विचारणे" हवं. नुसता शब्द लिहिला तर दर वेळी वाचताना पुन्हा विचार करावा लागतो, आणि दमवतो तो विचारच. मॅसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत हेच दिसलं. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं, पण ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत झाला की काम पूर्ण न होताही टोचणी कमी होते. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. म्हणजे शांत व्हायला सगळी कामं संपायची वाट बघावी लागत नाही.

ज्या कामांना ठरलेली तारीख आहे, ती वहीत नकोत, भिंतीवर हवीत. आपल्या घरात त्याची सोय आधीपासून आहेच. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय किती तरी स्वयंपाकघरांत लटकलेलं असतं, आणि सण-वार बघण्याइतकाच त्याचा उपयोग दुधाचा खाडा आणि सिलेंडर लावल्याची तारीख लिहायला होतो. मी अकाउंट्सला आहे, त्यामुळे माझ्या महिन्याला आपोआप खुंट्या ठोकलेल्या असतात: ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापून घेतलेला कर भरायचा, १५ ला पीएफ, २० ला जीएसटीचं ३बी हे विवरणपत्र. या तारखा वर्षानुवर्षं माहीत असूनही मी घरचा पसारा नेमका १९ तारखेला काढून बसायची. आता जानेवारीतच बाराही पानांवर लाल पेनने गोल करते. त्या गोलाच्या आदल्या दोन दिवसांत घरी पाहुणे नाहीत, फराळाचं नाही, कपाट आवरणं नाही. तुमच्या नोकरीतही असे दिवस असतील. शिक्षकांना परीक्षेचे, दुकानदारांना सणाच्या आधीचे. ते आधी हुडकून काढा.

आता तास मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून थोडी जास्त सांगते.

एका साध्या, कामाच्या दिवसाचा हिशेब मांडा. माझा असा होता. सकाळी ७.४० ला घर सोडायचं आणि रात्री ७.५० ला परत यायचं, म्हणजे १२ तास १० मिनिटं बाहेर. झोप पावणेअकरा ते सव्वापाच, साडेसहा तास. राहिले ५ तास २० मिनिटं. त्यातली सकाळची २ तास २५ मिनिटं आंघोळ, दोन डबे, नाश्ता, मुलाची शाळेची तयारी यातच जातात, तिथे नवं काही घुसवता येत नाही. संध्याकाळी पावणेतीन-तीन तास. त्यात स्वयंपाक, जेवण आणि मागचं आवरणं यांचा दीड तास. उरला दीड तास. नेमकं बोलायचं तर त्यालाही पाच मिनिटं कमी.

आणि या दीड तासात मी रोज काय काय बसवत होते? मुलाचा अभ्यास, आईंचा व्यायाम, कपड्यांच्या घड्या, इस्त्री, दोन फोन, ऑनलाइन भरायची बिलं, आणि शिवाय "जरा वेळ वाचन". चार तासांचं काम. ते रोज अपुरं राहायचं आणि मी रोज स्वतःला आळशी समजायची. ते गणितच मुळात सुटणारं नव्हतं, हे कागदावर वजाबाकी केल्यावर मला कळलं. तुमचा आकडा वेगळा येईल. पुण्यात घराजवळ ऑफिस असेल तर तीन तास उरतील, तान्हं बाळ असेल तर वीस मिनिटंही नाही. आकडा काहीही येवो, तो खरा असू द्या. झोप कापून तो फुगवू नका. मी वर्षभर कापली होती, आणि त्या वर्षात ऑफिसात केलेल्या चुका निस्तरण्यात वाचवलेल्यापेक्षा जास्त वेळ गेला.

वहीतल्या प्रत्येक कामापुढे किती मिनिटं लागतील तेही लिहा, आणि जो आकडा मनात येईल त्यात निम्मा आणखी मिळवा. आपला अंदाज नेहमी कमी निघतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच हा दोष मांडला होता: मागच्या वेळी किती वेळ लागला हे माहीत असूनही माणूस पुढच्या वेळी कमीच धरतो. "पटकन पालेभाजी निवडते" हे वाक्य आठवा. मेथीची जुडी पटकन कधीच निवडून होत नाही. ती मी गाडीत निवडते, माझ्यासारख्या आणखी चार जणींबरोबर.

रोजची तीन कामं

दीड तासात माझी तीन कामं होतात. रोजचा रगाडा सोडून तीन. रात्री वहीतून उद्याची तीन निवडते आणि त्यांच्यापुढे टिंब देते. निवडताना एकच प्रश्न विचारते: हे उद्या झालं नाही तर कुणाचं काय अडेल? टाके काढायची तारीख विचारली नाही तर आईंचं अडेल. पडदे धुतले नाहीत तर कुणाचंच काही अडणार नाही.

तीनपेक्षा जास्त टिंबं द्यायचा मोह होतो, विशेषतः रविवारी रात्री. देऊ नका. तिन्ही लवकर उरकली तर चौथं करायला कुणी अडवलेलं नाही.

"होणार नाही" हे आदल्या दिवशी सांगा

यादीतली बाकीची चाळीस कामं कुठे जातात? काही पुढच्या आठवड्यात, काही दुसऱ्याकडे, आणि काही सरळ रद्द. रद्द करणं नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जातं, कारण नव्या घरात आणि नव्या ऑफिसात आपल्याला चांगलं म्हणवून घ्यायचं असतं. मलाही घ्यायचं होतं. पण "हो" म्हणून न करणं हे आधी "नाही" म्हणण्यापेक्षा समोरच्याला जास्त महागात पडतं.

साहेबांना नुसतं "जमणार नाही" म्हणायला जीभ रेटत नसेल तर असं म्हणा: "सर, आज पाच वाजेपर्यंत बँकेचं रिकन्सिलिएशन होईल किंवा पार्टीचं स्टेटमेंट होईल. आधी कुठलं देऊ?" यात नकार आहे, पण निर्णय त्यांच्याकडे आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले तेव्हा हात थरथरत होते. साहेबांनी वर न बघता "स्टेटमेंट" म्हटलं आणि विषय संपला.

घरी आणि नात्यात थोडं वेगळं. नणंदेच्या घरचं हळदीकुंकू, मावसभावाच्या मुलाचं बारसं, याला तोंडदेखलं कारण सांगितलं तर ते पुढे आठवणीत ठेवावं लागतं, म्हणजे आणखी एक ओझं. खरं तेच प्रेमाने सांगा: "वन्सं, या शनिवारी मला खरंच यायला जमत नाही, आईंना एकटं सोडता येत नाही. पुढच्या आठवड्यात तासभर येऊन जाते." आणि तो पुढचा आठवडा वहीत लिहून ठेवा, कारण तो शब्द पाळला तरच पुढचा नकार लोक समजून घेतात.

मदत मागू नका, काम सोपवा

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकामात भाग घेणाऱ्या बायकांचा त्यातला सरासरी वेळ दिवसाला २८९ मिनिटं निघाला, आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची १० मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही ९ कमी झाली. अंतर जवळपास तेवढंच राहिलं. श्वास कितीही सावकाश सोडला तरी हे अंतर भरून निघत नाही. ते बोलूनच कमी करावं लागतं.

आमच्याकडे हे मदत कधी करत नव्हते असं नाही. "सांग ना, काय करू?" असं नेहमी विचारायचे. पण सांगणं हेही एक काम असतं. कुठलं बिल, कधीपर्यंत, पैसे कुठून, सगळं माझ्याच डोक्यात राहायचं. म्हणून एका रविवारी वही समोर ठेवली आणि म्हटलं, "अहो, यातली पाच कामं आजपासून तुमची. मी आठवण करणार नाही." दूध, गॅस, लाइट बिल, सोसायटी आणि आईंची औषधं. औषधं म्हणजे आणण्यापासून डबीत भरण्यापर्यंत सगळं. मुलगा अकरा वर्षांचा होता, त्याच्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि स्वतःचं दप्तर. आईंनी आपण होऊन लसूण सोलणं आणि शेंगा मोडणं मागून घेतलं. बसून करण्यासारखं काहीतरी त्यांनाही हवंच होतं.

पहिल्या महिन्यात लाइट बिल उशिरा भरलं गेलं आणि दंड लागला. मी गप्प राहिले. ते फार जड गेलं, पण तुम्हीही गप्प राहा. त्या वेळी आपण "राहू दे, मीच करते" म्हटलं की काम कायमचं परत येतं. दूध कुठल्या पातेल्यात तापवलं, घड्या कशा घातल्या, हेही सोडून द्या.

करायला बसल्यावर

एका वेळी एक काम, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आड येतो तो फोन. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, ऑफिसचा. शाळेचा सोडून बाकीचे मी म्यूटवर ठेवले आहेत आणि जाता-येताना गाडीत बघते. तातडीचं असेल तर माणूस फोन करतो.

कंटाळवाण्या, लांबणीवर पडलेल्या कामासाठी वेळ लावून बसा. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यासाला बसायला सुरुवात केली. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच पडलं. मला घड्याळ लागत नाही. कुकर चढवल्यापासून शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. तेवढ्यात मी ओट्यापाशीच स्टूल ओढून एक काम उरकते: पालक सभेचा फॉर्म, विम्याची पावती शोधणं, मुलाचं पाढ्यांचं पाठांतर. झाकण उघडलं की काम बंद.

रविवारी दीड-दोन तास आठवड्याच्या तयारीला द्या. कडधान्यं भिजवणं, खोबऱ्याचं वाटण, कोथिंबीर निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळणं, पाच दिवसांचे कपडे एकत्र इस्त्रीला देणं. आणि कोणत्या दिवशी कुठली भाजी हे फ्रिजवर लिहून टाका. सकाळी साडेपाचला "आज डब्याला काय" हा प्रश्न नसला की निम्मा थकवा जातो.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटं

दिवा घालवायच्या आधी वही उघडा. झालेल्यावर रेघ मारा, उद्याच्या तिघांना टिंबं द्या, डोक्यात काही घोळत असेल तर तेही लिहा. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. जितकं नेमकं लिहिलं तितकी लवकर. कुणालाही परवडेल असा उपाय आहे.

वही चार दिवस सुटली तर मागचं भरत बसू नका. नवं पान घ्या, वर आजची तारीख घाला.

आणि एवढं करूनही मन वर येत नसेल तर

हा भाग कृपया वगळू नका. कामं कमी करूनही दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर तो प्रश्न यादीचा नाही. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तर अशा त्रासाला "सगळ्यांनाच होतं" म्हणून बाजूला ठेवू नका, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटण्याचे विचार येत असतील तर उद्यावर ढकलू नका, आत्ता फोन करा आणि घरातल्या एका माणसाला जवळ बसवून ठेवा.

आमच्या डब्यातल्या एका मुलीला हा नंबर मी तिच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिला होता. तिने फोन केला. आता ती भायखळ्यापर्यंत माझ्याशेजारी बसते आणि मेथी माझ्यापेक्षा भरभर निवडते.

सुरुवात आजच करायची असेल तर नवी वही आणायला बाजारात जाऊ नका. मुलांच्या गेल्या वर्षीच्या वह्यांत मागे कोरी पानं उरलेली असतातच. त्यातली एक घ्या, जेवणं आटोपली की अर्धा तास बसा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की तेवढा वेळ मला हाक मारू नका.